वजनाचा काटा आणि जेवणाचें ताट

पूर्वीच्या काळीं एखाद्या मुलाचें कौतुक करावयाचें असलें म्हणजे "खात्यापित्या घरचा दिसतो" असें म्हणत. अंग भरलेलें असणें हें सुस्थितीचें, आईच्या हाताचें आणि घरांतील धान्याच्या कणगीचें प्रशस्तिपत्र समजलें जाई. ज्या देशानें वारंवार दुष्काळ पाहिले, त्या देशांत असें वाटणें स्वाभाविक होतें. आज त्याच घरांत दुसराच वारा वाहूं लागला आहे. आजी नातीच्या पानांत तुपाची धार सोडीत असते आणि नात पान मागें ओढीत असते. कारण मोबाईलच्या पडद्यावर तिनें पाहिलेल्या सर्व सुंदर मुली वेताच्या छडीसारख्या आहेत. तिचा भाऊ त्याच वेळीं आरशापुढें उभा राहून दंड फुगवून पाहत असतो, व कोणती भुकटी दुधांत घातली असतां महिनाभरांत दंड भरतील याची चौकशी करीत असतो. आजीची कसोटी आणि नातवंडांची कसोटी परस्परविरुद्ध दिसतात खऱ्या. परंतु विचार केला असतां त्या एकाच जातीच्या आहेत. शरीर बाहेरून कसें दिसतें एवढ्यावरून आंतील आरोग्याचा निकाल लावून मोकळें होणें, हाच दोहोंचा मार्ग आहे.

हा मार्ग चुकीचा आहे, आणि तो आमच्या मुलांस अपायकारक होऊं लागला आहे, असें वाटल्यावरून आम्ही हा लेख लिहीत आहों. शाळेंत दरवर्षीं उंची-वजनाची नोंद होते. त्या दिवशीं सकाळपासून पाण्याचा घोटहि न घेतलेल्या मुली आम्हीं पाहिल्या आहेत. आणि सोबत्यांच्या देखत आकडा मोठ्यानें वाचला गेल्यामुळें पुढें चार दिवस मधल्या सुटींत एकटे बसणारे मुलगेहि पाहिले आहेत. भरलेला डबा भरलेलाच घरीं जातो, आणि आईस वाटतें कीं मुलीला आज भाजी आवडली नाहीं. या सर्व प्रकारांच्या मुळाशीं एक लहानसा आकडा आहे. तेव्हां प्रथम त्या आकड्याचीच थोडी चौकशी करूं.

वजनाचा आकडा एकटा कांहींच सांगत नाहीं हें कोणासहि समजण्याजोगें आहे. उंच मनुष्य बुटक्या मनुष्यापेक्षां जड असावयाचाच. म्हणून वजनाची उंचीशीं सांगड घालण्याची युक्ति निघाली. बेल्जियम देशांतील अॅडॉल्फ केतले नांवाच्या गणितज्ञानें १८३० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, प्रौढ माणसांचें वजन सामान्यतः त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. केतले हा वैद्य नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय होते, व समाजांतील 'सरासरी मनुष्य' कसा असतो हें शोधण्याचा त्याला नाद होता. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे त्याचा आकडा निघतो. वजन ४५ किलो आणि उंची १.५ मीटर असेल, तर १.५ चा वर्ग २.२५, आणि ४५ ला २.२५ नें भागलें म्हणजे २०. पुढें सुमारें १४० वर्षांनीं, १९७२ मध्यें, अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज व त्यांचे सहकारी यांनीं या आकड्यास 'बॉडी मास इंडेक्स' असें नांव दिलें, आणि 'बीएमआय' या आद्याक्षरांनीं तो आतां घरोघर पोहोंचला आहे. (कीज यांचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, त्यांची गांठ आपल्याला पुन्हां पडणार आहे.)

हजारों लोकांच्या दोन समूहांची तुलना करण्यास हें माप सोयीचें आहे. परंतु एका व्यक्तीस तें लावावयाचें झाल्यास फार सावधगिरी बाळगावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं १८.५ पासून २५ च्या आंतपर्यंतचा आकडा योग्य मानला. भारतीयांच्या बाबतींत मात्र २३ पासूनच सावध व्हावें असें येथील डॉक्टरांनीं २००९ मध्यें एकमतानें सुचविलें. म्हणजे माणूस बदलला कीं सीमाहि बदलते. आणि वाढत्या वयाच्या मुलांस तर यांपैकीं कोणतीच सीमा लागूं नाहीं. त्यांचा आकडा वयाप्रमाणें व मुलगा कीं मुलगी यांप्रमाणें निराळा पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीं २०१५ मध्यें सुधारलेले आलेख प्रसिद्ध केले आहेत ते याचसाठीं. चौदा वर्षांच्या मुलीनें मोबाईलवर प्रौढांचें कोष्टक काढून स्वतःस 'जाड' किंवा 'किडकिडीत' ठरविणें म्हणजे बाबांच्या मापाचा सदरा अंगांत घालून बाह्या लांब आहेत म्हणून रडत बसण्यासारखें आहे.

या मापाची दुसरी उणीव याहून मोठी आहे, आणि ती दाखवून देण्याचें बरेंचसें श्रेय आपल्या पुण्यास आहे. २००४ सालीं 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत दोन डॉक्टरांचें एक छायाचित्र छापून आलें. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदीं एक होता: २२.३. पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या अंगांत ती शेंकडा ९.१ भरली, आणि याज्ञिक यांच्या अंगांत शेंकडा २१.२! दोघांच्या आडनांवाचें इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळें या प्रकारास 'वाय-वाय विरोधाभास' असें गमतीचें नांव मिळालें. परंतु त्यांतील अर्थ गमतीचा नाहीं. काट्यावर हलका भरणारा हिंदी मनुष्य आंतून चरबीनें भरलेला असूं शकतो, आणि त्यामुळें मधुमेह व हृदयविकार त्याला तुलनेनें लवकर गांठतात. याज्ञिक यांनीं यास 'कृश-स्थूल' भारतीय म्हटलें आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. आपलीं बाळें स्नायूंनीं व अवयवांनीं लहान होतीं, पण त्या मानानें त्यांच्या अंगांतील चरबी मात्र फारशी कमी नव्हती. याच अभ्यासांत असेंहि आढळलें कीं ज्या मातांच्या जेवणांत हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध हीं वारंवार येत, त्यांचीं बाळें जन्मतःच मोठीं होतीं. एवढ्या साध्या पदार्थांत एवढें सामर्थ्य असेल असें आम्हांसहि हें वाचण्यापूर्वीं वाटलें नसतें.

यावरून कोणी असें समजूं नये कीं वजनाकडे मुळींच पाहूं नये. शरीर फाजील लठ्ठ होणें हा खराच धोका आहे, आणि आमच्या लहानपणीं पन्नाशींत होणारा मधुमेह आतां पुष्कळ कमी वयांत दिसूं लागला आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बारीक असणें म्हणजे निरोगी असणें नव्हे, व भरदार असणें म्हणजेहि निरोगी असणें नव्हे. तें ठरतें तें रोज पोटांत काय जातें, शरीर किती हलतें आणि झोंप किती मिळते यांवर. ज्या मुलानें चिप्सच्या पाकिटांवर दिवस काढला आणि तरीहि जो सडपातळ राहिला, त्याला कोणी बोलत नाहीं. बोल लागतो तो घरची भाकरी खाऊन खेळणाऱ्या थोराड हाडाच्या मुलास.

आतां उपाशी राहून वजन उतरविण्याच्या मार्गाविषयीं. येथें कीज यांची पुन्हां गांठ पडते. दुसरें महायुद्ध संपत आलें होतें. युरोपांत लक्षावधि लोक उपासमारीनें खंगले होते, आणि त्यांना पुन्हां अन्नावर कसें आणावें हें कोणास नीट ठाऊक नव्हतें. तें शोधण्यासाठीं मिनेसोटा विद्यापीठांत १९४४ च्या नोव्हेंबरांत एक प्रयोग सुरू झाला. शस्त्र हातीं धरणें आपल्या सदसद्विवेकबुद्धीस पटत नाहीं म्हणून लष्करी नोकरी नाकारलेल्या ३६ निरोगी तरुणांनीं त्यासाठीं स्वेच्छेनें आपलीं शरीरें देऊं केलीं. प्रथम तीन महिने त्यांना पोटभर जेवूं घातलें. नंतर २४ आठवडे अन्न जवळजवळ निम्म्यावर आणलें. दिवसाकांठीं सुमारें १५७० उष्मांक. दिवसांतून दोनदां जेवण, त्यांत बटाटे, सलगम, पाव असले पदार्थ, म्हणजे युद्धानें पोळलेल्या मुलखांत जें मिळे तेंच. कामधाम चालू, आणि आठवड्यास २२ मैल चालणेंहि चालू. प्रत्येकाचें वजन सुमारें एक चतुर्थांश उतरावें असा बेत होता.

वजन उतरलें, हें सांगावयास नकोच. परंतु त्याबरोबर जें घडलें तें प्रत्येक पालकानें वाचण्यासारखें आहे. त्यांच्या नाडीचे ठोके मंद झाले. ऐन उन्हाळ्यांत त्यांना थंडी वाजूं लागली. केस गळूं लागले, घेरी येऊं लागली, पायांवर सूज चढली. याहून विलक्षण फरक मनांत पडला. चांगले शिकलेले, सेवाभावानें पुढें आलेले हे तरुण दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरा विचार करीनासे झाले. ते पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवून तीं कादंबरीप्रमाणें वाचीत बसत. एका ताटापुढें ते तास तास घालवीत, आणि शेवटीं ताट चाटून पुसून ठेवीत. मित्रांशीं भांडूं लागले. कित्येकांना एकटेंच जेवावेंसें वाटे. वाचनांत मन लागेना. पुढें अन्न वाढविल्यावरहि भूक शमेना. पोट तुडुंब भरलें तरी कित्येकांना अजून हवेंच असें वाटत राही, व हें पुष्कळ महिने चाललें. शरीरानें जें परत मिळविलें त्यांत स्नायूंच्या आधीं चरबी भरून आली.

हे पुरे वाढलेले पुरुष होते, प्रयोगाची मुदत त्यांना ठाऊक होती, आणि डॉक्टर शेजारीं उभे होते. आज इंटरनेटवर अनोळखी माणसें शाळकरी मुलींस १२०० उष्मांकांचे आहारतक्ते बिनदिक्कत वांटीत असतात. मुलगी सकाळचा नाश्ता टाळते, डबा मैत्रिणीला देऊन टाकते, पांच वाजतां घरीं येते आणि फरसाणाचा डबा उघडते. मग तो रिकामा झाल्यावर स्वतःस दोष देते कीं माझा मनोनिग्रह कच्चा आहे. मुली, तुझा मनोनिग्रह कच्चा नाहीं. मिनेसोटांतील त्या छत्तीस जणांचाहि नव्हता. उपाशी ठेवलेलें शरीर आपलें देणें वसूल करतें, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि त्या वसुलीच्या आधीं बीजगणिताचा तास वायां गेलेला असतो तो निराळाच.

शिवाय या वयांत शरीर एका मोठ्या बांधकामांत गुंतलेलें असतें. मुलींमध्यें साधारणतः दहाव्या-अकराव्या वर्षापासून आणि मुलग्यांमध्यें त्यानंतर एक-दोन वर्षांनीं हें काम जोरांत सुरू होतें. उंची झपाट्यानें वाढण्यापूर्वीं कित्येकांचें अंग थोडें भरतें. मुलींच्या कमरेखालील भागास गोलाई येते. ही बांधकामासाठीं आधींच आणून टाकलेली सामग्री होय. तिला पाहून घाबरणें म्हणजे घर बांधतांना दारांत विटा पडल्या म्हणून त्या परत पाठविण्यासारखें होईल. हाडांत आयुष्यभर पुरणारा चुन्याचा साठा मुख्यतः याच वर्षांत भरतो. मुलींच्या शरीरांतून दरमहा रक्त जाऊं लागतें, आणि तें भरून काढण्यास लोह लागतें. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींस रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत शेंकडा ३१ जणांस. म्हणजे वर्गांत चाळीस मुली असतील तर त्यांतील वीसहून अधिक. जिना चढतांना धापा टाकणारी, दुपारच्या तासाला डोळे मिटणारी, 'लक्ष नाहीं' म्हणून बोलणीं खाणारी मुलगी पुष्कळदां आळशी नसते. तिच्या रक्तांतच उणीव असते. अशा मुलीनें सडपातळ होण्यासाठीं जेवण सोडावें यासारखी करुण गोष्ट दुसरी नाहीं.

मग खावें काय? या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या संस्थांपैकीं आपल्या देशांतील सर्वांत मोठीची गोष्ट मनोरंजक आहे. निलगिरीच्या डोंगरांत कुन्नूर येथें १९१८ मध्यें रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरानें एका लहानशा प्रयोगशाळेंत तिचा आरंभ केला. त्यानें पुढें उंदरांचे गट पाडून एकेका गटास हिंदुस्थानांतील एकेका प्रांताच्या लोकांचा आहार दिला. गव्हाची चपाती, दूध, डाळ, कच्च्या भाज्या व फळें यांवर, म्हणजे शिखांच्या आहारावर, पोसलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. आणि पांढरा पाव, साखर घातलेला चहा, डबाबंद मांस व उकडून निःसत्त्व केलेल्या भाज्या या गरीब इंग्रजांच्या आहारावर ठेवलेले उंदीर खुजे, रोगट व भांडखोर झाले. हीच संस्था १९५८ मध्यें हैदराबादेस गेली, आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. २०२४ मध्यें तिनें आहाराविषयीं ज्या नव्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांचें सार असें कीं दिवसभराच्या अन्नांत निम्मा भाग भाज्या, पालेभाज्या, कंदमुळें व फळें यांचा असावा; धान्यांपासून मिळणारे उष्मांक एकंदरीच्या शेंकडा ४५ पेक्षां अधिक नसावेत; बाकीची जागा डाळी, कडधान्यें, दूध-दहीं, अंडीं, मासे, मांस, दाणे यांनीं भरावी.

आतां या मापानें आमच्या मुलांचे डबे पाहा. पोळी आणि बटाट्याची भाजी. भात आणि बटाट्याची भाजी. पोहे, त्यांतहि बटाटा! हें सर्व एकाच जातीचें अन्न आहे. पोट भरतें, पण बांधकामाला विटा मिळत नाहींत. आपल्या वाडवडिलांची पान वाढण्याची पद्धत याहून शहाणपणाची होती. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ. आणि मध्यें भात. पण डावी बाजू आम्हीं चमचाभर करून टाकली. ती पुन्हां वाटीभर करावी, एवढा एकच पालट प्रत्येक घरांत झाला तरी पुष्कळ काम होईल. काकडी, गाजर, मुळा, कोबी, बीट, जें स्वस्त असेल तें. पालेभाजी रोज, मेथी, चवळई, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला. मटकी, चवळी, हरभरा, मूग यांची उसळ भाकरीबरोबर खाल्ली असतां धान्यांत जी उणीव असते ती कडधान्य भरून काढतें, आणि कडधान्याची उणीव धान्य. या जोडीला तोड नाहीं. नाचणीचें नांव काढलें कीं मुलें नाक मुरडतात. परंतु शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमांच्या आसपास चुना असतो, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळांत दहाच्या आसपास. कोंकणांतील मुलांस बांगडा व सुकट मिळते. देशावरील मुलांस शेंगदाणे. दोघांनींहि आपल्यास हलकें समजूं नये.

लोहाविषयीं एक बारकावा सांगून ठेवतों. पालेभाजींतील व कडधान्यांतील लोह शरीरास सहजासहजीं घेतां येत नाहीं. त्याच घांसाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू पोटांत गेला तर तें पुष्कळ अधिक प्रमाणांत घेतलें जातें, आणि त्याच जेवणाबरोबर चहा गेला तर उलट अडतें. म्हणून जेवण व चहा यांमध्यें तासाभराचें तरी अंतर असावें. चहा आणि बिस्किटें हीच ज्यांची न्याहारी आहे त्यांचा दिवस मुळांतच अशक्त सुरू होतो. अळीवाचे लाडू बाळंतिणीसाठींच असतात असा समज आहे. ते शाळकरी मुलींनीं खाल्ल्यास कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

दंड फुगविणाऱ्या मुलग्यांसाठीं दोन शब्द. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं सुमारें ४५ ग्रॅम प्रथिनें लागतात. एक अंडें सहा ग्रॅम देतें, पेलाभर दूध तितकेंच, मूठभर शेंगदाणे सात, वाटीभर घट्ट वरण सहा-सात, आणि भाकऱ्या व उसळ यांतून उरलेलीं निघतात. भुकटीच्या डब्याला जे पैसे लागतात तेवढ्यांत महिन्याची अंडीं येऊन वर कांहीं शिल्लक राहील. हिशेब करून पाहावा; आम्ही गणिताचे शिक्षक नसूनहि तो आम्हांस जमला.

गोड पेयांविषयींहि हिशेबच पुरे आहे. तीनशें मिलिलिटरच्या थंड पेयाच्या बाटलींत साधारणतः तीस ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारें सहा चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें प्रौढ माणसासाठींदेखील दिवसाकांठीं २५ ग्रॅमांच्या आंत राहणें उत्तम असें सांगितलें आहे. एक बाटली प्याली कीं दिवसाचा शिधा संपला, आणि पोट तर रिकामेंच! मात्र सणावारांच्या फराळाची आम्ही या बाटलीशीं गल्लत करीत नाहीं. दिवाळी असो, ईद असो वा नाताळ असो, शेजाऱ्यानें ताट भरून आणलेली करंजी हिशेब न करतां आनंदानें खावी. वर्षांतील चार दिवसांनीं कोणाचें शरीर बिघडत नाहीं. बिघडतें तें उरलेल्या तीनशें एकसष्ट दिवसांनीं. अन्नांत 'पापी' आणि 'पुण्यवान' असे वर्ग पाडले म्हणजे मुलें चोरून खाऊं लागतात, आणि चोरून खाल्लेल्या अन्नाचें मोजमाप राहत नाहीं.

पालकांशीं आम्हांस थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. "पान टाकायचें नाहीं" हा नियम दुष्काळाच्या दिवसांत योग्य होता. आजहि अन्न वायां घालवूं नये हें खरेंच. परंतु आईनें आपल्या अंदाजानें वाढावें आणि मुलानें पोट भरल्यावरहि तें संपवावें, या रीतीनें मुलाची भुकेची जाणीवच बोथट होते. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनीं कामाची मोठी सुरेख वांटणी सुचविली आहे: काय, केव्हां आणि कोठें हें आईबापांनीं ठरवावें, किती हें मुलानें. थोडें वाढावें, लागल्यास पुन्हां वाढावें. जेवतांना मोबाईल व दूरदर्शन बंद असावेत, म्हणजे पोट भरल्याची वर्दी डोक्यापर्यंत पोहोंचण्यास अवसर मिळतो.

दुसरी गोष्ट, अजून कित्येक घरांत आई सर्वांच्या मागून, उरलेंसुरलें खाऊन उठते. मुलगी हें रोज पाहते, आणि बाईमाणसाच्या भुकेची किंमत किती हें न सांगतां शिकते. वडिलांनीं या एका बाबतींत लक्ष घातलें तर व्याख्यानाची गरज राहणार नाहीं. सर्वांनीं एकत्र बसून जेवावें, आणि भाजी पहिल्यानें तिच्या पानांत वाढावी.

तिसरी, नांवें ठेवण्याची. 'जाड्या', 'हत्ती', 'काडी', 'सुकडी' हीं नांवें घरांत लाडानें सुरू होतात आणि वर्गांत हत्यार बनतात. टोमण्यानें मूल बारीक होत नाहीं. तें खेळाच्या मैदानावर जाणें मात्र सोडतें, आणि मग वजन वाढतें. आम्हां शिक्षकांसहि हें लागूं आहे. वजनाची नोंद एकेकास बाजूला बोलावून, आकडा न उच्चारतां करतां येते. त्यास फार तर अर्धा तास अधिक लागेल.

मूल खरोखरच फाजील वजनाचें आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, तरी त्याला उपाशी ठेवूं नये किंवा त्याचें पान निराळें वाढूं नये. थंड पेयें व तळलेलीं पाकिटें घरांत आणणेंच सर्वांसाठीं थांबवावें. रोज तासभर खेळ, व रात्रीं आठ तासांहून कमी नाहीं इतकी झोंप द्यावी. वाढत्या मुलाचें वजन पुष्कळदां उतरावें लागतच नाहीं. तें आहे तेथें राहिलें आणि उंची वाढत गेली म्हणजे दोहोंचा मेळ आपोआप बसतो. दरम्यान वडील मंडळींनीं स्वतःच्या कमरेभोंवतीं फीत धरून पाहावी. आपल्याकडील पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या पुढें ती गेली असेल, तर मुलाच्या आधीं रक्त तपासून घेण्याची पाळी त्यांची आहे.

याउलट, वजन झपाट्यानें उतरत असेल, मुलगी चारचौघांत जेवण्याचें टाळीत असेल, जेवणानंतर लागलीच न्हाणीघरांत जाऊन ओकारी काढीत असेल, पाळी बंद झाली असेल किंवा घेरी येऊन पडत असेल, तर तो हट्ट नव्हे, आजार आहे. मुलग्यांनाहि तो होतो. तेथें रागावून, शपथा घालून किंवा जबरदस्तीनें घांस भरवून उपयोग होत नाहीं. डॉक्टरांकडे न्यावें, आणि आवश्यक तर मनाच्या डॉक्टरांकडेहि न्यावें. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. असा आजार लवकर ओळखला गेला तर बरें होण्याची आशा पुष्कळ असते. तेथें वजन करतांना तिला काट्याकडे पाठ करून उभें राहूं द्यावें, अशी विनंती पालकांस करतां येते. आकडा डॉक्टरांस हवा असतो. तिनें तो पाहिलाच पाहिजे असें नाहीं.